पेल्याखालची मुंगी

पेटीतल्या पेंढ्यात हात घातला आणि डोळ्यांच्या आधी बोटांनी ओळखलं. वर दोन थाळ्या होत्या, एक मीठदाणी होती, फडक्यात गुंडाळलेले चमचे होते. ते सगळं बाजूला सारून माझा हात सरळ तळाशी गेला आणि एका गोल, थंडगार पाकळीवर जाऊन थांबला. फुगवटा, खळगा, पुन्हा फुगवटा. मी अशी दचकले की समोर थाळी पुसणाऱ्या एल्सचा हात थांबला.

“काय झालं बाईसाहेब? उंदीर आहे का त्यात?”

“उंदीर कसला. पेला आहे.”

“मग पेल्याला भिऊन एवढ्या लाल झालात?”

बारा वर्षं घरात असलेल्या मोलकरणीच्या जिभेला हाड नसतं, आणि आज तरी मला तिला गप्प करायची शुद्ध नव्हती. भ्यायले नव्हतेच मी. मला आनंद झाला की असंच होतं, कान तापतात, घशात काहीतरी उड्या मारायला लागतं, आणि आपण हसतोय की रडतोय हे दुसऱ्याने सांगावं लागतं. मी पेला बाहेर काढला. पेंढ्याच्या दोन काड्या अजून त्याला चिकटलेल्या होत्या. वीतभर उंचीचा, आकेलायच्या फुलाच्या घाटाचा. मे महिन्यात आमच्या न्युरेंबर्गच्या वेशीबाहेर कुंपणाकुंपणाला मान खाली घालून डोलणारं ते साधं रानफूल. ते उलटं धरायचं आणि चांदीत उतरवायचं, सगळी वाटी एकाच पत्र्यातून, सांधा न देता, आतून ठोकून आणि बाहेरून दाबून. जमलं तर माणूस उस्ताद. तिसऱ्या खेपेलाही नाही जमलं तर जन्मभर दुसऱ्याच्या ऐरणीवर नोकर, स्वतःचं दुकान नाही, स्वतःचा ठसा नाही, लग्नाची परवानगी नाही. असा आमच्या चांदीकारांचा नियम. हा पेला माझ्या धाकट्या भावाने, योबस्टने, तेरा वर्षांपूर्वी केला आणि तो उस्ताद झाला, हे सगळं शहर जाणतं. हा पेला मी केला.

मी, सिबिला, व्यापारी एन्ड्रेस राउशर यांची बायको. माहेरी ऐरण होती, सासरी तराजू आहे. सुई, कात्र्या, कुलपं आणि वेलदोडे असा आमचा जगभरचा व्यापार. हे सांगायला आता मजा वाटते, कारण एन्ड्रेसना ‘तराजू’ हा शब्द चालत नाही आणि ‘ऐरण’ तर मुळीच नाही. गेले सहा महिने त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता: शहराच्या मोठ्या सभेवर नाव लागायचं. नाव लागायचं म्हणजे श्टाउडनर साहेबांनी शब्द टाकायचा, आणि श्टाउडनर साहेबांनी शब्द टाकायचा म्हणजे त्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं आणि भिंतीशी मांडलेली चांदी बघून ‘हं, बरी माणसं आहेत’ असं मनात म्हणायचं. ते जेवण आज दुपारी होतं. साहेब आमच्या लेकीचे, मार्गारेटाचे, धर्मपिता. बारशाला त्यांनी तिला डाळिंबाच्या घाटाचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला दिला होता, आणि त्या पेल्याच्या आधारावरच एन्ड्रेसनी ही एवढी हिंमत केली.

चांदीची मांडणी म्हणजे आमच्याकडे माणसाचा चेहराच. लाल मखमलीने झाकलेल्या पायऱ्या, त्यावर चांदी. एक पायरी कुणीही मांडावी. दोन म्हणजे खाऊनपिऊन सुखी. तीन म्हणजे ज्यांना वर जायचंय ते. चार पायऱ्या फक्त सभेतल्या जुन्या घराण्यांनी मांडायच्या. दुसऱ्या कुणी मांडल्या तर दंड होतोच, पण दंड परवडतो, हसू परवडत नाही. आमची स्वतःची चांदी ओढूनताणून दोन पायऱ्या भरत होती. तिसरी योबस्टकडून उसनी. यात लाजण्यासारखं काही नाही, या शहरातली निम्मी चांदी निम्मं वर्ष दुसऱ्याच्याच घरात पाहुणी असते आणि पाहुणे आपलीच थाळी समोर बघून ‘वा, काय घडण आहे’ म्हणतात. फक्त एक रिवाज आहे: उसनी चांदी एकटी येत नाही. तिच्यासोबत राखणदार येतो, आणि जेवण संपेपर्यंत मांडणीपाशी हात बांधून उभा राहतो. एरवी कुणीतरी नोकर येतो. आज योबस्टने निरोप पाठवला होता की मी स्वतःच येईन. एन्ड्रेसना केवढा आनंद झाला! मेहुण्याला पंगतीत बसवावं लागत नाही आणि त्याची चांदी तेवढी मिळते. “तसंही त्याला उभं राहायची सवय असेल,” ते म्हणाले. माझे वडील बसून काम करायचे, योबस्टही बसूनच करतो. चांदीकार उभा राहतो तो फक्त गिऱ्हाइकापुढे.

मला पेला उलटा करायचा होता. एवढी एकच घाई होती. बुडाच्या आतल्या बाजूला, कस पाहणाऱ्याने कोरून काढलेल्या नागमोडी ओरखड्याशेजारी, माझी मुंगी आहे की नाही ते बघायचं होतं. एक मुंगी, तिळाएवढी, सहा पायांची. परीक्षकांनी पेला पास केला, तेव्हा शेवटचा ओप द्यायला तो माझ्याकडे आला होता. ओप देणं हे घरातल्या मुलींचं काम, अकीकाच्या दगडाने घासघास घासायचं, त्याला नियमाची आडकाठी नाही. तेव्हा मी ती कोरली. मुंगीच का, कुणास ठाऊक. त्या दिवशी आमच्या ओट्यावर मुंग्या झाल्या होत्या. मी पेला आडवा केला, आणि जिन्यावर एन्ड्रेसच्या नव्या बुटांचा आवाज झाला.

“अगं सिबिला, अजून पेंढा उपसतेयस? दहाचे ठोके पडले! आणि ही माझी कॉलर बघ, मान आहे की ताटात ठेवलेलं डुकराचं मुंडकं?”

“छान दिसतेय हो.”

“काय छान दिसतेय, कॉलर की मुंडकं?” म्हणाले आणि स्वतःच हसले. घाबरले की ते विनोद करतात, आणि अशा वेळी मला ते फार आवडतात. मग त्यांनी पेला पाहिला. “हा योबस्टचा तो पेला ना? परीक्षेचा? हा खाली ठेव, पहिल्या पायरीवर, कोपऱ्यात. कारागिराच्या परीक्षेचा तुकडा आहे, बाकी काय. वर साहेबांचं डाळिंब. मधोमध. सगळ्यांच्या वर. कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले. कुठल्या शेंबड्या पोरीलाही कळतं ते. मानाच्या पाहुण्याने दिलेली वस्तू सगळ्यात वरच्या पायरीवर मधोमध, तिच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही. मला पक्कं कळलं होतं, आणि हातात पेला धरून मी तशीच उभी होते, आणि माझे हात तेरा वर्षं मागे गेले होते.

त्या साली बाबा स्वतः शपथ घेतलेल्या परीक्षकांपैकी होते, म्हणून योबस्टचं तिसऱ्या खेपेचं काम आमच्याच घरी होतं. बाबांवर कुणी शंका घेतली नाही. स्वतःच्या मुलाला दोनदा नापास करणारा माणूस तिसऱ्यांदा काय लबाडी करणार! योबस्ट चित्र काढायचा ते असं, की कागदावरचं फूल हुंगावंसं वाटे. पण कुणी बघत असलं की हातोडी धरलेल्या हाताचा अंगठा थरथरायचा. एकदा पत्रा फाटला. एकदा पाकळ्या सहाच्या जागी साडेपाच झाल्या. आणि आता हा शेवटचा पत्रा होता. एका पहाटे मी खाली गेले तर तो पत्रा बसवायच्या राळेच्या भांड्यापुढे बसला होता, हात मांडीखाली दाबून. “ताई, माझ्याने होत नाही,” म्हणाला. वीस वर्षांचा होता. मी म्हटलं, “सरक.” एवढंच म्हटलं. मी तिथे बसले आणि हातोडी उचलली, आणि खरं सांगते, मला त्याची दया वगैरे आली नव्हती. मला हाव सुटली होती. लहानपणापासून मी बघत होते, ओप देत होते, उष्टं खाल्ल्यासारखं दुसऱ्यांच्या कामावरून बोटं फिरवत होते, आणि आता सबंध कोरा पत्रा माझ्यापुढे होता. अकरा दिवस. रोज पहाटे उजेड खिडकीत येण्यापासून शेजारची दुकानं उघडेपर्यंत. आतून ठोका दिला की चांदी जरा रुसते, तापवली की मऊ पडते, बाहेरून खळगा दाबला की दुसरीकडून हळूच वर येते. तिला काय हवंय ते तिचं तीच सांगते, फक्त घाई करायची नाही. सहाव्या दिवशी पहिली पाकळी पुरती उमलली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आठव्या दिवशी मान वर केली तर दारात बाबा. किती वेळ उभे होते देव जाणे. मी हातोडी खाली ठेवणार, तोच ते म्हणाले, “हात कोरडे ठेव, घामाने छिन्नी घसरते,” आणि निघून गेले. पुन्हा कधीच त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. त्याच वर्षी वसंतात त्यांनी माझं लग्न लावून दिलं, चांगल्या घरी, भरपूर देऊन. वरातीत सगळे म्हणाले, पोरीने नशीब काढलं. काढलंच की. एन्ड्रेस चांगले आहेत, मुलगी गोड आहे, घर उबदार आहे. पण तेरा वर्षं दर रविवारी देवळातून येताना मी वाट वाकडी करून योबस्टच्या दुकानाच्या खिडकीवरून जाते, आणि जाळीच्या पलीकडे तो पेला उभा असतो, आणि लोक म्हणतात, ‘काय हात आहे योबस्टचा.’ मला सभा नको, चार पायऱ्या नकोत. मला फक्त एकदा, एकाच माणसाच्या तोंडून, ‘हे तू केलंस’ ऐकायचं होतं. बाबा न सांगता गेले. योबस्टने तर त्या अकरा दिवसांनंतर माझ्या हातांकडे बघणंही सोडलं. आणि बोलायची चोरी. बाहेर फुटलं तर त्याचा ठसा मोडतील, दुकानाला कुलूप लागेल, त्याच्या चार लेकरांचं काय?

योबस्ट आला तो मागच्या दाराने. काळा कोट, केस ओले करून बसवलेले, बायकोने जबरदस्तीने धुतल्यासारखा. मी त्याला मांडणीच्या खोलीत गाठलं.

“का आणलास तो?”

“कुठला?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. तेरा वर्षं खिडकीतून हलवला नाहीस.”

“आज हलवला,” तो म्हणाला, आणि मखमलीच्या घड्या उगाच सरळ करत राहिला. “मोठ्या घरी मोठं जेवण आहे. म्हटलं, त्यालाही जरा माणसं बघू दे. कुठे ठेवणार?”

“हे म्हणतात कोपऱ्यात.”

“तुझं घर आहे, ताई. तू ठरव.”

त्याला ओरडून काहीतरी विचारावंसं वाटलं, पण तेवढ्यात एल्स धावत आली, “बाईसाहेब, घोडागाडी! साहेबांच्या बाईंनी फरचा झगा घातलाय, मे महिन्यात! शिजतील त्या!” आणि खालून एन्ड्रेसचं नको इतकं मोठं स्वागत ऐकू यायला लागलं. माझ्या एका हातात डाळिंब होतं, दुसऱ्या हातात आकेलाय, तिसऱ्या पायरीवर मधोमध एक जागा रिकामी होती. मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळ लागतो. मी आकेलाय उचलला, वर ठेवला, आणि डाळिंब त्याच्या खालच्या पायरीवर ठेवलं. योबस्टने पाहिलं. त्याने ते हलवलं नाही. मी धावत खाली गेले पाहुण्यांना ओवाळायला, म्हणजे आमच्याकडे जसं ओवाळतात तसं, गुडघे वाकवून आणि खोटं बोलून: “बाई, झगा काय शोभतोय!”

पंगत बसली. गोल काचांच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि नेमकं मांडणीवर पडलं. मी ते ऊन गेले तीन दिवस बघून ठेवलं होतं. बारा वाजता ते तिसऱ्या पायरीवर पोचतं. केशरातला मासा आला, मिरीतलं हरीण आलं. कशाचीही चव लागत नव्हती, सगळं नुसतं गरम आणि सोनेरी होतं. माझा आकेलाय तिथे वर उभा होता, सगळ्यांच्या वर, आणि प्रत्येक पाकळीत एकेक खिडकी पेटली होती. मी ठोकलेली. इकडे मी श्टाउडनर बाईंच्या दातदुखीला ‘अरेरे’ म्हणत होते आणि मनात मोजत होते, ती डावीकडची पाकळी सातव्या दिवसाची, ती पलीकडची, जिथे छिन्नी निसटता निसटता वाचली, ती नवव्या. सुखाने जीव जातो का हो कुणाचा? माझा जाईल असं वाटत होतं. एन्ड्रेसनी पहिल्यांदा वर पाहिलं तेव्हा ते हरणाचा तुकडा चावत होते, आणि चावायचे थांबले. त्यांचं तोंड हळूहळू कॉलरसारखं पांढरं झालं. टेबलाखालून त्यांनी माझा पाय दाबला. मी त्यांचा परत दाबला, प्रेमाने दाबल्यासारखा. दुसरं काय करणार!

श्टाउडनर साहेब साठीचे, पायाला संधिवात, जिभेला नाही. पेल्यांचं त्यांना वेड आहे हे शहरात शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी जेवता जेवता मांडणीवरून नजर फिरवली, खालून वर, सावकाश, आणि वर जाऊन थांबली.

“राउशर,” ते म्हणाले, “मी दिलेल्या डाळिंबाच्या डोक्यावर बसलाय तो कोण?”

श्टाउडनर बाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. एन्ड्रेस उठून उभे राहिले, “साहेब, चूक झाली, नोकरमाणसं आहेत, काय सांगावं...” आणि दाराशी उभ्या एल्सने असा चेहरा केला, जणू बारा वर्षांचा पगार फुकट गेला.

“नोकरांनी नाही,” मी म्हणाले. “मी ठेवला.”

“तुम्ही?” साहेब माझ्याकडे वळले. “डाळिंब आवडलं नाही वाटतं?”

“डाळिंब सुरेख आहे साहेब. पण हा जास्त सुरेख आहे.”

आता एन्ड्रेसनी पाय दाबला नाही, नुसते डोळे मिटले. गेलं, मला वाटलं. सभा गेली, सहा महिने गेले, या चांगल्या माणसाची हौस मी एका हाताने मोडली. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली तो आनंद तसाच उड्या मारत होता, ऐकायला तयार नव्हता.

“आणा बघू इकडे,” साहेब म्हणाले.

योबस्टने पेला उतरवला. राखणदाराचंच ते काम. त्याने तो साहेबांपुढे ठेवला, आणि मी बघितलं, अंगठा थरथरत होता. साहेबांनी पेला फिरवला, उन्हात धरला, पाकळीवरून नख फिरवलं. खरोखर जाणणारा माणूस असा नखाने बघतो. मग म्हणाले, “भरा,” आणि वाइन भरली गेली, आणि त्यांनी एका दमात संपवली. पुढचं आमच्या इकडे कुणालाही सांगावं लागत नाही. पेला पूर्ण प्यायलो हे दाखवायला तो डाव्या अंगठ्याच्या नखावर उलटा धरतात. थेंब पडला तर पुन्हा प्यायचा. साहेबांनी पेला उलटा केला. थेंब पडला नाही. पण पेला परत सरळही झाला नाही. ते बुडात बघत राहिले, जवळ नेऊन, मग लांब धरून, मग पुन्हा जवळ नेऊन.

“उस्ताद,” ते योबस्टला म्हणाले, “हे खाली काय कोरलंय?”

तेरा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते, आणि आता तो आला तर मला वाटलं, धावत जाऊन पेला हिसकावून घ्यावा. योबस्टच्या ओठांचा रंग गेला. ‘माझी खूण’ म्हण, मी मनात म्हणत होते, म्हणून टाक, सुटशील. आणि त्याच वेळी म्हणत होते, नको, नको म्हणूस.

“ज्या हाताने याला ओप दिला,” योबस्ट म्हणाला, “त्या हाताची खूण आहे साहेब.”

“ओप देणाऱ्या हाताला इतकं बारीक कोरता येतं? कोण हा?”

“या. तुमच्या यजमानीणबाई.” तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. “माझी बहीण आहे साहेब. लग्नाआधी आमच्या दुकानात काम करायची.”

एन्ड्रेसच्या गळ्यातून एक बारीक आवाज आला. झालं, ऐरण पंगतीत येऊन बसली. श्टाउडनर बाई म्हणाल्या, “म्हणजे हातोड्याबितोड्याचं?” आणि फर सावरून घेतली. पण साहेब हसले, पोट हलेस्तोवर हसले. “अस्सं, म्हणून वरच्या पायरीवर! घरच्या माणसाला वरच बसवणार ती. राउशर, तुमची बायको बरी आहे, खरं बोलते. सभेत अशी दोन माणसं असती तर बरं झालं असतं.” मग त्यांनी पेला पुन्हा भरायला लावला आणि माझ्याकडे पाठवला. “ओप देणाऱ्या हाताला!”

पाठवलेला पेला नाकारता येत नाही, आणि अर्धाही ठेवता येत नाही. मी दोन्ही हातांनी धरला. जड होता, ओळखीचा जड. प्यायले. घोट घोट करत, डोळे उघडे ठेवून, आतल्या बाजूने पाकळ्या बघत, जिथे फक्त ठोकणाऱ्याची नजर जाते. शेवटचा घोट संपला तेव्हा सगळे मोठ्याने टाळ्या पिटत होते, आणि एन्ड्रेससुद्धा, लाल होऊन, घामाघूम होऊन. मी पेला नखावर उलटा केला आणि एकदाचं बुडात पाहिलं.

नागमोडी ओरखडा. त्याच्या शेजारी माझी मुंगी, तिळाएवढी, सहा पायांची. आणि तिच्या मागे दुसरी मुंगी.

मला आधी वाटलं वाइन चढली. ऊन तिरपं येईल असा पेला वळवला. दुसरी होतीच. मोठी, बेढब, एका बाजूला तीन पाय आणि दुसऱ्या बाजूला दोन. रेघ कुठे फार खोल गेलेली, कुठे निसटलेली, जिथे अंगठा थरथरला तिथे तशीच ठेवलेली. कडा बोथट झाल्या होत्या. कालपरवाची नव्हती ती, कित्येक वर्षं पुसली गेलेली होती. म्हणजे त्याला मुंगी माहीत होती. म्हणजे त्याने ती पहिल्या वर्षीच कधीतरी बघितली, खोडली नाही, आणि दार लावून, कुणी बघत नसताना, जो हात कुणी बघताना चालत नाही त्या हाताने तिच्या मागे आपली एक लावली. माझ्या मागे. दर रविवारी मी खिडकीबाहेरून जात होते तेव्हा ती आत होती. मी मान वर केली. योबस्ट हात बांधून मांडणीपाशी उभा होता, शहरातला नावाजलेला उस्ताद, आपल्याच बहिणीच्या घरी नोकरासारखा उभा, आणि त्याचे डोळे भरलेले होते. मला मोठ्याने हसायचं होतं, त्या सहाव्या दिवशी हसले होते तसं. मी रडत होते, हे मला एल्सने पुढे केलेल्या रुमालावरून कळलं.

“एक सांगा उस्ताद,” साहेब म्हणत होते. त्यांचं जेवण संपलं होतं, त्यांना मध-मसाल्याची वडी हवी होती आणि त्याआधी त्यांना हा पेला हवा होता. “माझ्या मुलीचं लग्न आहे सप्टेंबरात. असाच एक करून द्या. अगदी असाच. तुमच्या दुकानातला कुणी शिकाऊ नको, याच हाताचा. जमेल?”

श्टाउडनर साहेब सभेतले. कारागिरांचे नियम मोडणाऱ्यांना बोलावून विचारणारी माणसं यांच्याच हाताखालची. हे योबस्टला माझ्याहून जास्त माहीत होतं.

“जमेल की नाही,” तो म्हणाला, “ते त्या हाताला विचारावं लागेल, साहेब.”

“मग विचारा!” साहेब हसले. हसता हसता त्यांची नजर योबस्टच्या अंगठ्यावर गेली, तो अजून थरथरतच होता. आणि तिथून ती टेबलावरून सरकत माझ्याकडे आली, माझ्या हातांवर, पेला अजून उलटाच धरलेल्या. हसणं हळूहळू थांबलं, पण चेहरा कडक झाला नाही. “बरं,” ते जरा हळू आवाजात म्हणाले, आणि कुणाला विचारत होते ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं, “दिवस किती लागतील?”

तीन महिने. नियमाने तीन महिने दिलेले असतात, सगळे उस्ताद तेच सांगतात, आणि योबस्टने ते सांगायला तोंड उघडलंही होतं. एन्ड्रेस माझ्याकडे बघत होते, लग्नापासून कधी बघितलं नसेल इतकं नीट. मी पेला टेबलावर सरळ ठेवला. हात झग्याला पुसले, कोरडे केले.

“अकरा,” मी म्हणाले. “उजेड चांगला असला तर.”